तळवटाखालची सवारी

"झाका तिला," मुनीम म्हणाला.

हे तो मला म्हणाला नाही. क्लीनरला म्हणाला. मी तिथंच होते, मोटारीच्या मागच्या भागात, कांद्याच्या पोत्यांना टेकून खाली बसलेली. मुनीमाचा हात पोचेल एवढ्या अंतरावर. पण मला सांगायची त्याला गरज वाटली नाही. पोत्याला कुणी सांगतं का, तुला झाकतोय म्हणून.

क्लीनरनं कोपऱ्यातलं तळवट उचललं आणि माझ्या डोक्यावरून टाकलं. ज्वारीच्या राशीखाली अंथरतात ते जाड, तागाचं तळवट. त्याला उंदरांचा वास होता. आत अंधार. तोंडापुढं धूळ.

"शीव वलांडूस्तोर हलू नको, अक्का," माझा भाऊ बाहेरून म्हणाला. "दोन मिन्टाचं काम हाय."

मग नारळ फुटल्याचा आवाज आला. लोबानाचा वास आला. पुढं हँडल फिरवल्याचा खडखडाट झाला आणि मोटार थरथरायला लागली.

हा त्या मोटारीचा रिवाज होता. मोटार सुटताना तिच्यापुढं लंगडं, आंधळं, विधवा असं कुणी दिसता कामा नये. दिसलं तर टायर फुटतो, घाटात ब्रेक लागत नाही. सरकारी मोटारी अजून आमच्याकडं आल्या नव्हत्या. ही मोटार एका मोठ्या वतनदाराची. त्यानं ती हैद्राबादहून आणली, तिला हार घातला, आणि रिवाजही त्यानंच घालून दिला. नारळ त्याचा मुनीम फोडायचा. लोबान ड्रायव्हर जाळायचा. तो मुसलमान, सगळे त्याला उस्ताद म्हणत. दोघांचे देव वेगळे. माझ्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं.

विधवेनं पदर ओढून मागून चढायचं. आंधळ्यानं भिंतीआड थांबायचं. मला चटकन भिंतीआड जाता येत नव्हतं, म्हणून मला झाकायचं. आणि नारळ एकदा फुटला की मोटार शिवेच्या बाहेर जाईपर्यंत अशा माणसाला हातही लावायचा नाही. लावला तर अपशकुन हाताला चिकटून मोटारीत येतो. म्हणून माझी सगळी उचलाउचल नारळाच्या आधी उरकून घेतलेली. भावानं काखेत धरलं, क्लीनरनं पाय धरले, आणि मला कांद्यांपाशी ठेवलं. कुठं दुखतं, कुठं धरायचं, कुणी विचारलं नाही.

मी चालत नाही. लहानपणी ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा पायातला जीवही उतरला. याबद्दल मला जास्त सांगायचं नाही. लोकांना तेवढंच ऐकायचं असतं. कसं झालं, कधी झालं, कुणाचं काय चुकलं. मला त्याच्या पुढचं सांगायचंय.

आम्ही शिंपी. आंबेजोगाईला तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. तिथं पलटण होती तोवर बाप घोडेस्वारांचे कोट शिवायचा. त्यानं सुताराकडून मला एक फळी करून घेतली. बाभळीची फळी, खाली चार चाकं, चाकांना लोखंडाची धाव. हातात दोन लाकडी ठोकळे. ठोकळे जमिनीला रेटले की फळी पुढं जाते. मी मोठी होत गेले तशी फळी बदलली, पण घडण तीच. त्या फळीवर मी बाजारात गेले, देवळात गेले, लोकांच्या लग्नात गेले. लोक म्हणत, बिचारी फळीवर बसलीय. मला कधी तसं वाटलं नाही. फळी म्हणजे माझे पाय. लोकांच्या पायांना कुणी बिचारे म्हणत नाही.

बापानं मला हाताची मशीनही शिकवली. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातानं कापड सरकवायचं. पायांचं काहीच काम नाही. पलटण उठली, बाप गेला, दुकान भावाकडं आलं. मी मागच्या खोलीत मशीन चालवायची आणि दुकान ओळखलं जायचं भावाच्या नावानं. भावजय वाईट नव्हती. पण मला भाकरी वाढताना तिचा हात जरा थांबायचा. रोज थांबायचा. तिला स्वतःला ते कळत होतं की नाही, मला माहीत नाही. मला कळत होतं. तेव्हा मी तिशी ओलांडली होती.

अशात बीडच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, शिवण शिकवायला बाई पाहिजे असल्याचं कळलं. सरकारी पगार. राहायला आवारातच खोली. पलटणीतल्या एका रिसालदाराची बेवा, विधवा बायको, बीडला राहायला गेली होती. तिचे कपडे मी शिवायची. तिनं माझं नाव सांगितलं. तिकडून निरोप आला, सोमवारी दुपारच्या आत हजर व्हा आणि शिवून दाखवा.

शिवून दाखवणं मला कठीण नव्हतं. हजर होणं कठीण होतं.

त्यासाठी मी त्या तळवटाखाली बसले होते. माझी फळी मोटारीच्या टपावर बांधली होती, ट्रंका आणि नांगराच्या फाळांबरोबर. आत जागा नाही म्हणाले. कांद्यांना होती.

शीव गेली. कुणी तळवट काढलं नाही. मी स्वतः काढायला गेले तर ते ओढलं जाईना. त्याच्या कडेवर कुणीतरी ट्रंक ठेवली होती. मी आवाज दिला. मोटारीच्या घरघरीत तो कुणापर्यंत गेला नाही. किंवा गेला आणि कुणी उठलं नाही. भाऊ पुढं बसला होता. मी तशीच राहिले. घाम, धूळ, उंदरांचा वास. नाकाशी थोडी फट केली आणि तिच्यातून श्वास घेत राहिले.

केजला मोटार थांबली. एक जाडजूड बाई चढली. तिनं बसायला जागा बघितली आणि ती माझ्यावर बसली.

मी ओरडले. ती उडाली.

"अगं माय, पोतं बोलतंय की."

"पोतं न्हाई, मावशी. बाई हाय ती," क्लीनर म्हणाला.

"मग झाकली कावून? मेलीय का काय?"

"न्हाई. लंगडी हाय."

"असं व्हय," ती म्हणाली आणि शेजारच्या पोत्यावर बसली. बसण्याआधी तिनं ते पोतं हातानं दाबून बघितलं. "हे तरी कांदेच हायत ना?"

मोटारभर हसू फुटलं. क्लीनरनं ट्रंक सरकवली, मी डोकं बाहेर काढलं, तर सगळी मोटार वळून माझ्याकडं बघत होती. माझे केस विसकटलेले, तोंडावर भुसा. ते बघून लोक आणखी हसले. भाऊही हसत होता. मी त्याला हसताना पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यानं पाहिलं. मग तो बाहेर शेतं बघायला लागला.

त्या बाईचा मला राग नाही. तिला पोतं दाखवलं, ती पोत्यावर बसली.

बीडला सगळे उतरले. मग ट्रंका उतरल्या. मग कांदे. मग मी. माझी फळी क्लीनरनं टपावरून खाली सोडली. दोरीनं नाही, हातातून. ती एका चाकावर पडली आणि ते चाक उभं चिरलं.

"फुटलं व्हय?" त्यानं वरून विचारलं. "लाकडाचंच हाय. बसवून घ्या."

भावानं मला पाठीवर घेतलं. बीडच्या पेठेतून तो मला पाठीवर घेऊन चालला आणि एका हातात मोडकी फळी. लोक वाट देत होते. एका दुकानदारानं भावाच्या हातात काहीतरी कोंबलं. भावानं ते घेतलं. काय होतं ते मी विचारलं नाही.

मदरशाच्या फाटकाच्या आत पुरुषांना जायची परवानगी नव्हती. भावानं मला फाटकात खाली ठेवलं. आतून एक म्हातारी मोलकरीण आली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सरळ म्हणाली, "आज जुमेरात नै है. जुमेरातकू आव."

जुमेरात म्हणजे गुरुवार. त्या दिवशी फकिरांना, भिकाऱ्यांना खैरात वाटायचा त्यांचा रिवाज. ती मला हाकलत नव्हती. वार चुकला एवढंच सांगत होती.

"मी शिवणाच्या परीक्षेला आले," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिला ते समजलंच नाही. मी दोनदा सांगितलं तेव्हा ती आत विचारायला गेली. बराच वेळ आली नाही. फाटकात बसल्या बसल्या दुपार होऊन गेली. मग मी थांबले नाही. फळी मोडलेली होती, म्हणून हातांवर अंग रेटत अंगण ओलांडलं. अंगणात मुरूम होता. साडी गुडघ्यांवर फाटली. वर्गांच्या दारांत मुली येऊन उभ्या राहिल्या. एक लहान मुलगी दुसरीला म्हणाली, "ये कौन है, आपा?" आणि दुसरीनं तिला दटावून आत नेलं.

मोठ्या उस्तानीबाई व्हरांड्यात आल्या. त्या मदरशाच्या मुख्य. स्वच्छ पांढरी ओढणी, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी माझं नाव विचारलं, रिसालदाराच्या बीबीची आठवण काढली, मोलकरणीला पाणी आणायला सांगितलं. मग म्हणाल्या, परीक्षा झाली. दोघी आल्या होत्या, पण दोघींचं काम पसंत पडलं नाही. पुढच्या सोमवारी या. वक्त पर आना.

वक्त पर. मी हो म्हटलं.

परत जाताना तीच मोटार. बीडच्या स्टँडवर क्लीनर तळवट घेऊन माझ्याकडं यायला लागला. त्याच्या हातून घेऊन ते मीच अंगावर ओढलं. कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ म्हणाला, "शाणी हाय अक्का."

तळवटाखाली मी माझ्या हातांकडं बघत होते. अंधारात ते दिसत नव्हते, पण मी बघत होते. हे हात दिवसभर मशीन चालवतात. यांनी मला बाजारात नेलं, अंगण पार करून नेलं. आणि आता हेच मला झाकायला शिकले. एका फेरीत शिकले. आणखी चार फेऱ्या झाल्या तर मोटार दिसायच्या आधीच हे पदर ओढतील. मग मुनीमाला 'झाका' असं म्हणायचंही कारण उरणार नाही. त्याचं काम मीच करीन, फुकटात.

तिथं माझ्या आत काहीतरी बसलं. पेटलं वगैरे नाही. जड दगड जमिनीवर ठेवावा तसं बसलं.

तो आठवडा मी नेहमीसारखी शिवत होते. सुताराकडून नवीन चाक बसवून घेतलं. त्यानं विचारलं, "पुन्हा जायचं म्हंता? त्या मोटारीनं?" मी म्हटलं, दुसरी कुठंय. बैलगाडीनं जायचं तर वाटेत मुक्काम करावा लागे आणि भाऊ दुकान सोडून तेवढे दिवस यायला तयार नव्हता. तो मोटारीनंही यायला तयार नव्हता. म्हणाला, मुनीमाच्या घरचं लग्न आहे, कपडे आपल्याकडं येणारेत, तू उगं काही बोलू नको. मी काही बोललेच नव्हते. पण त्याला माझ्या गप्प बसण्याची भीती वाटत असावी.

सोमवारी मी लवकर स्टँडवर गेले. एकटी, माझ्या फळीवर, ठोकळे रेटत. भाऊ मागून चालत आला.

मी जमिनीपासून वीतभर उंचीवर राहते. त्या उंचीवरून मोटार वेगळी दिसते. उभ्या माणसांना तिचे दिवे दिसतात, हार दिसतो, पुढच्या बाकावरचा सरकारी माणूस दिसतो. मला तिचं खालचं तोंड दिसतं. तिथं एक भोक असतं. त्या भोकात हँडल घालून क्लीनर कमरेत वाकून जोर लावतो, तेव्हा इंजिन सुरू होतं. त्याशिवाय मोटार म्हणजे नुसतं लोखंड. आमच्या स्टँडवर मोटारीच्या मागं पोलिसांच्या चावडीची भिंत होती. मागं सरकायची सोय नाही. पुढंच जायचं, आणि पुढं जायला हँडल लागायचं.

मुनीम आला. पुढच्या बाकावर तहसिलातला पेशकार, म्हणजे वरचा कारकून, बसला, मधल्या बाकांवर शेठ लोक, मागं बायका. गावकुसाबाहेरच्या माणसांना मोटारीत घेतच नसत. त्यातले दोघे-तिघे नेहमीसारखे लांब लिंबाखाली उभे होते. क्लीनरनं मला शोधलं. मी चावडीच्या कोपऱ्याआड होते. त्याला वाटलं मी आलेच नाही. मुनीमाला बरं वाटलं असणार. त्यानं नारळ फोडला. उस्तादनं लोबान फिरवला आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

तेव्हा मी फळी रेटली. मोटारीपुढं गेले, त्या भोकाला पाठ लावली आणि ठोकळे मांडीवर ठेवले.

क्लीनर हँडल घेऊन आला आणि थांबला.

"मुनीमजी," तो म्हणाला. "ही इथं बसली."

मुनीम धावत आला. माझ्यापासून दोन हातांवर येऊन तोही थांबला. नारळाचं पाणी अजून जमिनीत जिरत होतं. त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. त्याचाच रिवाज.

"ए, सरक."

"मला बीडला जायचंय."

"मग मागं ये. आधी यायला काय झालतं?"

"तळवट न्हाई. बाकावर बसणार. माझी फळी आत, माझ्यापाशी. टपावर न्हाई."

"तू कोण सांगणारी?"

"सवारी."

लोक उतरून बघायला आले. सकाळच्या वेळी अशी करमणूक कुणाला नको असते. कुणी म्हणालं, ओढा तिला. कुणी म्हणालं, तू ओढ की. ज्यानं सांगितलं तो मागं सरला. एक शेठ म्हणाले, मागून धक्का मारा, मोटार पुढं गेली की आपोआप सरकंल. उस्तादनं खिडकीतून डोकं काढलं.

"मैं औरत के उप्पर गाडी नै डालता. डालना है तो शेठ, आप आव, चलाव."

शेठ परत बाकावर जाऊन बसले.

मुनीम भावाकडं वळला. "तुझी भईण हाय ना? उचल. तू घरचा हायस, तुला चालतंय."

त्यांच्या रिवाजात अशी पळवाट होती हे मला माहीत नव्हतं. बहुतेक त्यानं ती तिथंच काढली. भाऊ माझ्यापाशी आला, उकिडवा बसला. हळू आवाजात बोलायला लागला.

"अक्का, कावून असं करती? मला या गावात ऱ्हायचंय."

"तू ऱ्हा. मला जायचंय."

"लगीनसराईचं काम जाईल हातचं."

"ते काम कोण शिवणार हाय?"

त्यानं हात माझ्या काखेकडं नेला.

"हात लावू नको," मी म्हटलं. "आज लावू नको."

तो उठला. मुनीमाला म्हणाला, "ती न्हाई म्हंती." एवढंच. माझ्या बाजूनं तो बोलला असं मी म्हणणार नाही. पण त्यानं हात लावला नाही, हेही खरं.

मुनीम मग मोठ्यानं बोलायला लागला. आधीच देवानं पाय काढून घेतले, तरी मस्ती गेली नाही. बापानं लाडावली. असल्यांना देवळाच्या पायरीवर बसायचं सोडून मोटारीत बसायचंय. उद्या कुत्रीमांजरं तिकीट मागतील. मी ऐकत होते. हे सगळं मी आधी कुठं ना कुठं ऐकलेलं होतं, नवीन एकही शब्द नव्हता. ऊन पाठीमागच्या लोखंडावर यायला लागलं आणि ते तापायला लागलं. माझी कंबर दुखत होती. मला घाबरायला हवं होतं, पण मला फक्त कंटाळा आला होता. केवढी ती खटपट, एका बाईला बाकावर बसू न देण्यासाठी.

शेवटी पेशकार वैतागला. त्याला कचेरी गाठायची होती. माझी कणव त्याला अजिबात नव्हती. खिशातलं घड्याळ बघत तो म्हणाला, "मुनीमजी, बिठाव ना उनकू. मेरेकू बीड पोंचना है. तुमारा शगुन यहींच बैठा तो मैं क्या करूं?"

सरकारी माणसापुढं मुनीमाचं चालेना. तो म्हणाला, "बस. बस बाई, बस एकदाची."

"आधी फळी आत जाईल," मी म्हटलं. "मग मी."

"सरक तरी."

"मी सरकले की तुमी हँडल माराल."

मी त्याला ओळखत होते. मुनीमानं खूण केली तसं क्लीनरनं हँडल उस्तादच्या हातात देऊन टाकलं. उस्तादनं ते मांडीवर ठेवलं. मला म्हणाला, "चल अम्मा, अब आ. ये मेरे पास है."

मी मागं गेले. कुणी हात लावणार नव्हतं आणि मला तो नकोच होता. फळीवरून उतरले. फळी आत ढकलली. मग पायरीची लोखंडी कड धरली आणि हातांवर अंग उचललं. आयुष्यभर ठोकळे रेटलेत. माझे दंड भावाच्या दंडापेक्षा जाड आहेत. तरी एका दमात झालं नाही. पहिल्यांदा पाय कडेला अडकले. पुन्हा खाली आले. पुन्हा उचललं. सगळा स्टँड बघत होता. मी घाई केली नाही. घाईनं पडले असते तर त्यांना हवं ते मिळालं असतं. बायकांच्या बाकावर बसले, फळी पायाशी घेतली, आणि पदर नीट केला. डोक्यावरून नाही. खांद्यावर.

शेजारच्या बाईनं आपली पिशवी जरा जवळ ओढली. मग ती म्हणाली, "नीट बस. टेकून बस." आणि सरकली.

मुनीमानं दुसरा नारळ आणवला. माझ्यासाठी दुसरा नारळ फुटला. प्रसाद वाटत क्लीनर मागं आला आणि मला टाळून पुढच्या बाईला खोबरं दिलं.

"मला?" मी म्हटलं.

त्यानं मुनीमाकडं बघितलं, मग उस्तादकडं, आणि एक तुकडा माझ्या शेजारी बाकावर ठेवला. हातात नाही. मी खाल्ला.

मांजरसुंब्याच्या घाटात मी पहिल्यांदा घाबरले. टायर फुटला असता, ब्रेक लागला नसता, तर सगळं माझ्यावर आलं असतं. मी देवाला काही मागत नाही, पण त्या वळणांवर मी रबराच्या चाकांना मागत होते. घाटाच्या मध्यावर इंजिन तापलं आणि मोटार थांबली. सगळी डोकी माझ्याकडं वळली.

उस्ताद पाण्याचा डबा घेऊन उतरला. मागं बघत म्हणाला, "क्या देखते? ये तो रोज का है. घाट में रोज गरम होता."

आणि खरंच तसं होतं. पाणी ओतलं, मोटार चालली.

बीडला फळीसकट उतरले. मदरशापर्यंत माझी मी गेले. वेळेत पोचले. उस्तानीबाईंनी कापड दिलं, एका मुलीचं माप घ्यायला सांगितलं, कुर्ता बेतायला आणि शिवायला सांगितला. मशीन मेजावर होती. ती मी खाली घेतली. त्यांनी शिवण उलटून पाहिली, काजं पाहिली, बाह्यांचा जोड ओढून पाहिला.

"हाथ में सफाई है," त्या म्हणाल्या. "काम पसंद है."

मी वाट बघत होते. पुढं काहीतरी येणार हे मला त्यांच्या चष्मा पुसण्यावरून कळलं.

त्या म्हणाल्या, वर्षातून एकदा मुआयना, म्हणजे तपासणी, होतो. हैद्राबादहून मोठ्या घरच्या बेगमा येतात. त्या एका दिवशी तुम्ही मागच्या कोठीत बसा. चहापाणी तिथं मिळेल. बुरा मत मानना. मदरशाच्या इज्जतीचा सवाल आहे.

त्या सभ्य होत्या. त्यांनी मला पाणी दिलं होतं, दोन्ही वेळा. मुनीमानं मला कधी 'वाईट मानू नको' म्हटलं नव्हतं. फरक तेवढाच होता.

ती नोकरी मला हवी होती. किती हवी होती ते मी सांगू शकणार नाही. हो म्हटलं असतं तर वर्षातला एकच दिवस जाणार होता, आणि बाकी सगळे दिवस माझे. कुणीही हो म्हटलं असतं. मी सकाळी मोटारीपुढं बसून आलेली नसते तर मीही म्हटलं असतं.

"मुली विचारतील, त्या दिवशी उस्तानी कुठंय," मी म्हटलं. "त्यांना काय सांगायचं?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मी रोज जिथं बसेन तिथंच त्या दिवशी बसेन. नाहीतर आत्ता सांगा, परतीची मोटार मिळेल."

त्यांनी मला व्हरांड्यात थांबायला सांगितलं. खूप वेळ थांबवलं. मग मोलकरणीनं येऊन माझी खोली दाखवली. अंगणाच्या कडेला, लहान, पायरी नसलेली. मुआयन्याबद्दल कुणी काही बोललं नाही, ना हो ना नाही.

मला वाटलं होतं, एकदा नाही म्हटलं की संपलं. संपत नाही. पहिल्या मुआयन्याच्या सकाळी मोलकरीण निरोप घेऊन आली, बाई कोठीत चलतात का. मी नाही म्हटलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. तिसऱ्या वर्षी उस्तानीबाई बदलल्या आणि नव्या बाईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मोटारीचंही तेच. क्लीनर बदलतो, मुनीम बदलतो, आणि फळी टपावर टाकायला पुन्हा नवा हात पुढं येतो. दर वेळी तेच बोलायचं, तेवढ्याच शांतपणे, कारण आवाज चढला की ते म्हणतात, बघा कशी आहे. आता माझे केस पिकलेत. दमायला होतं. शिवण्यानं नव्हे, 'नाही' या एका शब्दानं दमायला होतं.

या वर्षीचा मुआयना जवळ आलाय. निरोप येईल, मला माहीत आहे. मी वर्गात, खिडकीपाशी, माझ्या फळीवर बसणार आहे, मुली समोर बसणार आहेत, आणि दार उघडं असणार आहे. ज्यांना मला बघायचं नाही त्यांनी डोळे मिटावेत. मी झाकून घेणार नाही.